दिल्लीकाका

आमच्या मुलीच्या बारशाची गोष्ट. पाळण्याभोवती बायकांची दाटी, घुगऱ्यांचा वास, आणि आत्या बाळाच्या कानात कुर्र करायला वाकलेली. नेमकं तेव्हाच दिल्लीकाकांनी मागून माझं कोपर धरलं.

“दाखल्यावर नाव पडलं?”

“नाही काका. आत्ता तर ठेवतोय.”

“मग तिला थांबव. आधी स्पेलिंग. शेवटी एक ‘ए’ की दोन?”

मी म्हटलं, काका, ती कानात सांगतेय, कानात कसलं स्पेलिंग. “तिथेच तर फसतं,” काका म्हणाले. “कानात सांगितलेलं नाव जो तो आपापल्या मतानं लिहितो. महापालिकेतला एक लिहिणार, शाळेतला दुसरं, आधारवाला तिसरं. आणि बावीस वर्षांनी ही पोरगी व्हिसाच्या रांगेत तीन मुली म्हणून उभी राहणार.” मग आवाज उतरवून, घरातली गुप्त बातमी सांगावी तसं, “तुझ्या वेळी बरं होतं. पासपोर्टला शाळा सोडल्याचा दाखला चालायचा, पॅन चालायचं. 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्मदाखला आणि फक्त जन्मदाखला. हिचा जन्म ‘किंवा’ संपल्यानंतरचा आहे.”

कुर्र झालं. आत्याच्या पाठीत धपाटे बसले. काकांनी खिशातून हिरव्या शाईचं पेन काढलं, आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर बाळाचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली ‘मान्य’ असा शेरा, आद्याक्षरं, तारीख, आणि ती पत्रिका बाळाच्या उशाशी ठेवली. त्याच क्षणी बाळानं दुपटं भिजवलं.

“घ्या,” काकू म्हणाली, “पोच मिळाली.”

दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांत हिरवी शाई वाटेल त्याला वापरता येत नाही. सहसचिव आणि त्याच्या वरच्यांचा तो मान. काका त्या खुर्चीपर्यंत पोचले, 2013 साली साठ पुरी करून निवृत्त झाले, पुण्याला येऊन राहिले; शाई मात्र निवृत्त झाली नाही. वाण्याची यादी हिरवी, दुधाचा हिशेब हिरवा. इस्त्रीवाल्याच्या चिठ्ठीवर ‘कृपया चर्चा करावी’ असं लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. इस्त्रीवाला बिचारा आला होता चर्चेला.

काकांचं खरं नाव घरात कुणी घेत नाही. गोव्यातल्या पेडण्याचं आमचं घराणं. तिथून एका परीक्षेच्या जोरावर काका 1977 साली थेट दिल्लीला गेले आणि दर चतुर्थीला सोहन हलव्याचा डबा घेऊन परत येत राहिले. त्या डब्यामुळे ते दिल्लीकाका. त्या डब्यामागे माणूस काय करतो हे गावात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आमची आजी सांगायची, “तो दिल्लीत लोकांना विलायतेला पाठवतो.” त्यामुळे गावातली दोन माणसं एकदा बॅग भरून आली होती.

खरं तर हा कारभार दोन घरांत वाटलेला आहे. पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालयाचा, नागरिकत्व गृह मंत्रालयाचं. माणूस या देशाचा आहे की नाही हे एका इमारतीत ठरतं आणि त्याला देशाबाहेर जाण्याचं पुस्तक दुसरीकडून मिळतं. काकांनी दोन्ही घरी पाणी भरलं. पतियाळाच्या महाराजांचा दिल्लीतला वाडा आहे, पतियाळा हाउस. त्याच्या आवारात एका बाजूला कोर्ट आणि एका बाजूला पासपोर्टवाले. काका सांगतात, “दोन्हीकडे लोक एकाच चेहऱ्यानं यायचे. चूक आपली नाही, पण सिद्ध करायची आपल्यालाच.”

मी एकदा विचारलं होतं, की काका, धोरण ठरवायचात म्हणजे नक्की काय करायचात?

“‘आणि’ की ‘किंवा’, ते ठरवायचो.”

मला वाटलं, टाळतायत. तर काका सरसावून बसले. “फॉर्मात लिहायचं, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला. की जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला? ‘आणि’ लिहिलंस तर कुठल्या तरी जिल्ह्यातला गवंडी दुबईला जात नाही, कारण त्याच्या जन्माची नोंद फक्त त्याच्या आईकडे असते. ‘किंवा’ लिहिलंस तर त्याच्या नावावर भलताच माणूस दुबईला जातो. एका शब्दासाठी आमची फाईल आठ महिने फिरायची. खालून ‘आणि’ यायचं, वर ‘किंवा’ व्हायचं, आणखी वर गेलं की ‘यथास्थिती’. यथास्थिती म्हणजे ज्याचं त्यानं बघावं.”

काकांची थट्टा करताना मला हा गवंडी मधूनमधून आठवतो आणि थट्टा जरा जपून करावीशी वाटते. पण काका तशी संधी फार वेळ देत नाहीत.

बाकीचे अधिकारी निवृत्तीनंतर आपण काय काय जिंकलं ते सांगतात. दिल्लीकाका आपलं खातं कुठले खटले हरलं ते सांगतात, तेही छाती फुगवून. 1967 पर्यंत या देशात पासपोर्ट ही सरकारची मर्जी होती. दिला तर दिला, मागितला तर परत द्यायचा, आणि ते ठरवायला धड कायदाच नव्हता. सतवंतसिंग सावनी नावाचे एक व्यापारी कोर्टात गेले. एप्रिल 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्याशिवाय अडवता येणार नाही. सरकारची धावपळ उडाली, आधी वटहुकूम निघाला, मग 24 जूनला पासपोर्ट कायदा. आजही 24 जून हा दिवस खातं पासपोर्ट सेवा दिवस म्हणून साजरा करतं. त्या दिवशी काका घरी शिरा करायला लावतात. “आपण हरल्याचा शिरा खाणारं हे एकच खातं,” असं म्हणून स्वतःच दोनदा घेतात.

दुसरी हार मनेका गांधी यांच्या खटल्यातली. 1977 साली त्यांचा पासपोर्ट सरकारनं ठेवून घेतला. कारण विचारलं तर उत्तर आलं, सार्वजनिक हितासाठी कारण सांगता येत नाही. 1978 साली सर्वोच्च न्यायालयानं राज्यघटनेच्या कलम 21 चा अर्थच रुंद केला, की कायद्यानं घातलेली पद्धतसुद्धा न्याय्य आणि वाजवी हवी, आणि माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. काका तेव्हा नोकरीत नवे. “या देशातल्या माणसाला ‘माझं ऐकून घ्या’ म्हणायचा हक्क कुणामुळे इतका पक्का झाला? आमच्या खात्यामुळे. आम्ही ऐकलं नाही म्हणून.”

“घरी नाही झाला तो हक्क पक्का,” काकू आतून.

पासपोर्ट कायद्याचं सतरावं कलम काकांचं सर्वांत लाडकं. पासपोर्ट कायम केंद्र सरकारची मालमत्ता राहतो, असं ते कलम सांगतं. तुम्ही पैसे भरता, रांगेत उभे राहता, फोटोत ठोंब्यासारखे दिसता, पण पुस्तक तुमचं नाही. मी एकदा टेबलावर पासपोर्ट ठेवून त्यावर चहाचा कप टेकवला. काकांनी कप उचलला, पासपोर्ट सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि मला म्हणाले, “सरकारी मालमत्तेवर चहा?” नाशिकरोडच्या छापखान्यांचंही त्यांना असंच कौतुक. “एका छापखान्यात नोटा, शेजारच्या छापखान्यात पासपोर्ट. माणसाच्या खिशातल्या दोन्ही इज्जती एकाच गावच्या.”

महाराष्ट्रात आल्यावर त्यांना सगळ्यांत मोठा धक्का 1 जूननं दिला. आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघात वाढदिवसांची यादी लावायची होती, ते काम काकांनी अंगावर घेतलं. आठ दिवसांनी यादी लागली. वर्षभरात तुरळक नावं, आणि 1 जूनला एकोणीस. ज्यांच्या घरी तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती, त्यांची तारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकली, आणि मास्तरांनी टाकली ती 1 जून. काका प्रत्येकाच्या घरी जाऊन ‘मूळ तारीख’ शोधायला लागले. कुणी सांगे, प्लेगाच्या साथीनंतरची पहिली पोळ्याची अमावास्या, कुणी सांगे, म्हैस व्यायली त्या दिवशी. तीन महिने हा तपास चालला. शेवटी संघानं 1 जूनला एकच मोठा केक आणला आणि काकांना त्या दिवशी बोलावलं नाही.

“माझी तारीख खरी आहे,” काका म्हणाले. “पोर्तुगीजांच्या वहीत लिहिलेली आहे. तासासकट.” हे वाक्य लक्षात ठेवा. काकांना ते पुढे महागात पडलं.

काकांचं स्पेलिंगचं वेड सगळ्यांच्या अंगावर येतं, पण खरी किंमत मोजली ती काकूनं. 1981 सालचं लग्न. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यावर बायकोचं नवीन नाव लिहिलं. काकूचं माहेरचं नाव गेलं, आडनाव गेलं, मधलं बापाचं नाव गेलं. म्हणजे नखशिखान्त नवी बाई. वीस वर्षांनी दोघांनी सिंगापूरला जायचं ठरवलं. काकूची पदवी माहेरच्या नावावर, बँक सासरच्या, आणि मधे एक विमा होता त्यात पहिलं नाव माहेरचं आणि आडनाव सासरचं. अर्ज अडकला. शेरा आला, अर्जदार व कागदपत्रांतील व्यक्ती भिन्न दिसतात. या विषयावरचं सूचनापत्र काकांच्याच हातचं होतं.

काकूनं विचारलं, “नाव बदलल्याचा पुरावा म्हणून काय देऊ?”

“राजपत्र, नाही तर प्रतिज्ञापत्र आणि दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिराती.”

“आणि ते ताटातले तांदूळ?”

“ते... त्याचं काही रेकॉर्ड नाही.”

“असणार कसं? दुसऱ्या दिवशी मीच शिजवले.”

सिंगापूर त्या वर्षी राहिलं. काकूनं आपलं पॅन कार्ड काढताना हट्टानं माहेरचं नाव घातलं आणि पुढे आधारवर सासरचं ठेवलं. म्हणाली, “दोघीजणी आहोत तर दोघीजणी राहू.”

डिसेंबर 2016 मध्ये सरकारनं पासपोर्टचे नियम सैल केले. एकट्या आईचं किंवा एकट्या बापाचं नाव चालेल, लग्नाचा दाखला लागणार नाही, साधूंना आईवडिलांच्या जागी गुरूचं नाव लिहिता येईल. काका निवृत्त होते, पण वर्तमानपत्र घेऊन दिवसभर फिरत होते. “बघ, साधूनं संसार सोडून तपं झाली, पण त्याचा संन्यास सरकारनं आज मान्य केला.” काकू म्हणाली, बायकांचं आधी करायचं होतंत. काकांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. 2018 च्या जानेवारीत मात्र ते खरोखर चिडले. पासपोर्टचं शेवटचं पान छापायचं नाही आणि काही कामगारांचा पासपोर्ट केशरी करायचा, असा विचार निघाला होता. सगळा देश रंगावरून भांडत होता. काकांचा जीव शेवटच्या पानावर. त्या पानावर आईचं नाव होतं, बापाचं होतं, पत्ता होता. “ते पान काढलंत तर माणूस कुणाचा कसं कळणार?” महिना संपायच्या आत दोन्ही बेत मागे घेतले गेले. काकांनी शिरा करायला लावला.

पंगतीला बसल्यावर काकांना माणसं दिसत नाहीत, नागरिकत्वाची कलमं दिसतात. माझी बायको 1985 ची, म्हणजे भारतात जन्मली एवढंच पुरे, ती पहिल्या पाटावर. माझा धाकटा भाऊ 1990 चा. 1 जुलै 1987 नंतरच्याला आईबापांपैकी एक जण नागरिक लागतो, म्हणून तो दुसऱ्या. काकांचा नातू 2006 चा. 3 डिसेंबर 2004 नंतर जन्मलेल्याला दोघेही नागरिक लागतात, नाही तर एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. “बघ,” काका भात कालवत म्हणतात, “पहिल्या पाटावरच्यांना नुसतं जन्मणं पुरत होतं. तुला आईबाप दोघेही आणावे लागतात.” नातू म्हणतो, “आजोबा, वरण द्या.”

काकांची मुलगी टोरांटोला. तिनं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं त्या रात्री काकांनी फोनवर अभिनंदन केलं आणि लगेच नागरिकत्व कायद्याचं नववं कलम वाचून दाखवलं, की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं, अर्ज करा न करा. तिच्या लेकीसाठी ओसीआय कार्ड काढलं तेव्हा ती पोर व्हिडिओ कॉलवर नाचत होती, “आजोबा, मी पण सिटिझन ऑफ इंडिया!” आणि काका, सहा वर्षांच्या पोरीला, स्क्रीनच्या जवळ जाऊन: “नाही बाळा. नावात नागरिक आहे, कायद्यात नाही. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आंबेहळदीत आंबा असतो का?”

पोरीला आंबेहळद माहीत नव्हती. तिनं विचारलं, “मँगो आहे की नाही?”

काका थोडा वेळ गप्प बसले. “वास आहे,” म्हणाले.

गेल्या वर्षीच्या चतुर्थीला आम्ही सगळे पेडण्याला होतो. गणपतीवर माटोळी बांधलेली, नारळ, सुपारीचे घोस, एक मोठं तोरिंजन काकांच्या बरोबर डोक्यावर. नातवानं तेव्हा विषय काढला. त्याला युरोपात शिकायचं होतं. गावातल्या अर्ध्या मुलांप्रमाणे त्यालाही रस्ता ठाऊक झाला होता. 19 डिसेंबर 1961 च्या आधी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या कायद्याला अजून आपला वाटतो, आणि त्याची मुलं-नातवंडंही. जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती कचेरीत उतरवली की पुढचे कागद निघतात आणि युरोपाचं दार उघडतं. त्या दारातून माणसं इंग्लंडातल्या स्विंडनला गेली, इतकी की तिथे गोंयकारांची वस्तीच झाली. ब्रेक्झिटनं ती वाट अवघड केली, तरी बाकीचा युरोप शिल्लक आहे.

“आजोबा, तुमचा जन्म 1953 चा. पेडण्याचा. तारीख तासासकट वहीत आहे, तुम्हीच सांगता. तुम्ही फक्त सही करा.”

आयुष्यभर दुसऱ्यांच्या आजोबांचे जन्म तपासलेल्या माणसाकडे कुणी पहिल्यांदाच असं पाहत होतं. काका पाटावरून उठले नाहीत, पण ताठ झाले. म्हणाले, “19 डिसेंबरला मी झोपलो आणि 20 डिसेंबरला भारतीय म्हणून उठलो. पण ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं. तसा आदेश निघाला 1962 च्या मार्चमध्ये, गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश. त्यात लिहिलं की 20 डिसेंबरपासून तुम्हाला नागरिक मानण्यात येत आहे. म्हणजे मधले तीन महिने मी कोण होतो, ते मार्चमध्ये ठरलं.”

“कोण होतात?” नातवानं विचारलं.

“शेंबडे,” काकू म्हणाली. “दुसरं काय असणार, आठ वर्षांचे होते.”

पण काका आता रंगात होते. त्या आदेशात पोर्तुगीज राहायचं असेल त्याला लेखी कळवायला एक महिन्याची मुदत होती. मोन्तेरो नावाच्या एका पाद्रीबाबांनी मुदतीत कळवलं. पुढे राहण्याचा परवाना संपला, बाबा गोवा सोडेनात. आपण आपल्याच गावात आहोत, जाऊ कुठे, असं त्यांचं म्हणणं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 साली बाबा हरले. काकांना या बाबांविषयी अपार आदर. बाबा कोणत्या बाजूचे होते याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. “मुदतीत कळवणारा माणूस!” असं म्हणून ते हात जोडतात.

त्या रात्री पडवीत झोपताना काकांनी मला एक गोष्ट सांगितली, जी आधी कधी सांगितली नव्हती. आमच्या आजीचं, म्हणजे काकांच्या आईचं, माहेर बांद्याचं. सकाळी निघून संध्याकाळी परत यावं एवढं अंतर. 1955 साली पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर भारतानं नाकेबंदी आवळली आणि बांदा परदेश झाला. ये-जा परवान्यावर आली. आजीच्या भावाचं लग्न ठरलं, परवाना वेळेत आला नाही. आजीनं हद्दीच्या अलीकडे आहेराचं लुगडं एका ओळखीच्याकडे दिलं आणि परत आली. “मी बरोबर होतो,” काका म्हणाले. “चार वर्षांचा असेन. परवाना म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं. कुणीतरी माणूस असावा आणि तो यायचा राहिला, असं वाटलं होतं.”

मी काहीतरी बोलणार होतो, तोवर ते घोरायला लागले.

सकाळी स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या पाठीवर हिरव्या शाईत टिपण लावलेलं:

“विषय: चि. नातवाचा युरोपविषयक प्रस्ताव. प्रस्ताव वाचला. अर्जदाराचे आजोबा 20 डिसेंबर 1961 पासून भारताचे नागरिक असून सद्यःस्थितीबाबत त्यांची तक्रार नाही. लिस्बनमधील नोंद ही केवळ जन्माची नोंद की परकीय नागरिकत्वाचा स्वीकार, यावर मतमतांतरे आहेत. अधोहस्ताक्षरित हाच या प्रकरणी पुरावा असल्याने त्याने मत देणे उचित नव्हे. सबब प्रस्ताव अमान्य. तथापि गुणदोषांत न शिरता मूळ नोंदीची पडताळणी करण्यास प्रत्यवाय नसावा.”

नातवानं तीनदा वाचलं. “आजी, म्हणजे हो की नाही?”

“प्रत्यवाय नसावा म्हणजे रिक्षा बोलाव,” काकू म्हणाली.

कचेरीत एक तरुण मुलगी होती. तिनं कापडी पाठीचा जाडजूड ग्रंथ दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला. वळणदार पोर्तुगीज अक्षर, शाई तपकिरी पडलेली. सापडलं पान. जन्माचा तास, आई, बाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा. काका चष्मा वर करून एकेक ओळ बोटानं वाचत होते. चेहरा असा उजळला होता की मला वाटलं आता शिऱ्याची ऑर्डर देतात. “बघ, याला म्हणतात रेकॉर्ड! ताटात लिहिलेलं नाही.”

“बाबा,” मुलगी म्हणाली, “हांगा नांव वेगळें आसा.”

काकांचं नाव ‘श’ नं सुरू होतं. आयुष्यभर ते एस-एच लिहीत आले. पोर्तुगीज कारकुनानं त्याच्या रीतीप्रमाणे ‘श’ साठी एक्स लिहिला होता. आमच्या आडनावाच्या शेवटच्या ‘क’ साठी त्यानं तीन अक्षरं खर्च केली होती, क्यू, यू, ई. काकांच्या पासपोर्टावरचा माणूस आणि पेडण्याच्या वहीतला मुलगा यांच्यात जुळणारं अक्षर शोधायला लागत होतं.

“एकच नाव आहे हे,” काका म्हणाले. “उच्चार करून बघा.”

“उच्चार एकूच. पूण कागदार वेगळें.” मुलगी अगदी गोड होती. “वन अँड सेमाचें अफिडेव्हिट हाडा.”

“कुणी काढला हा नियम?”

“वयल्यान आयला, बाबा.”

वरून आला. काकांनी मान वर केली. वर पंखा फिरत होता.

जवळच एका दुकानवजा खोलीत नोटरी बसले होते. मजकूर त्यांच्या संगणकात तयारच होता, फक्त नावं भरायची. काकांनी वाचायला घेतला आणि सवयीनं पेनाचं टोपण काढलं: मी, अमुक ऊर्फ तमुक, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की वर नमूद केलेली दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे. ‘ऊर्फ’ वर ते अडले. “ऊर्फ गुन्हेगारांना लावतात. ‘किंवा’ करता येईल का?” नोटरी म्हणाले, ठरलेला मजकूर आहे, साहेब. काका पुढे वाचायला लागले, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. शेवटी सही केली.

“आता ओळख पटवणाऱ्याची सही. यांना ओळखणारं कुणी आहे?”

मी पुढे झालो, पण माझं आधार पुण्याला राहिलेलं. नातवाचं फोनमध्ये होतं, त्याला रेंज नव्हती. काकूनं पर्स उघडली. तिच्या पर्समध्ये सगळं असतं. तिनं दोन्ही कार्डं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, आधार आणि पॅन. काकांनी आपलं पेन तिच्यापुढे केलं.

“हिरवी चालणार नाही, निळी घ्या,” नोटरी म्हणाले आणि दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन सरकवलं.

काकूनं ते घेतलं, कागदावर टेकवलं आणि चष्म्यावरून काकांकडे पाहिलं.

“अहो, कुठल्या नावानं ओळखू तुम्हाला? माहेरच्या, की तांदळातल्या?”